डुकराचं फुप्फुस

चाळिसाव्या वर्षी मी नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या एका व्यवसाय महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायकाच्या कोर्सला नाव घातलं. माझी पुण्याची कॉमर्सची पदवी इथे कुणी विचारत नव्हतं, आणि नवऱ्याच्या परमिटवर घरी बसून मी विटले होते. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, सगळं डचमधून.

तिसऱ्या महिन्यात प्रॅक्टिकलला कत्तलखान्यातून डुकरांची फुप्फुसं आली. पांढऱ्या बादलीत, श्वासनलिकेसकट. झाकण उघडलं तसा ओल्या लोखंडाचा, वर जरासा गोडसर असा वास नाकात बसला. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. मी शिक्षिकेला म्हटलं, "मी शाकाहारी आहे."

"खायचं नाहीये तुला," ती म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

माझी जोडीदारीण विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्प गावची, माझ्याच वयाची. तिथेच पंधरा वर्षं प्रवाशांचं सामान उचलून पाठ कामातून गेली म्हणून इथे आलेली. काम असं होतं: सायकलच्या पंपाने फुप्फुसात हवा भरायची, मग ती नळीवाटे पाण्याने भरलेल्या उलट्या बरणीत सोडायची आणि किती हवा मावली ते मोजायचं. ती पंप मारणार, मी श्वासनलिका नळीवर आवळून धरणार.

हातमोज्यातूनही ते गार, बुळबुळीत लागत होतं. फुप्फुस हळूहळू फुगलं, काळपट लाल होतं ते गुलाबी झालं, जिवंत असल्यासारखं माझ्या मनगटाला टेकलं. मी दचकले. पकड सुटली आणि गुलाबी फेसाचा फवारा थेट माझ्या ओठांवर उडाला.

बेसिनपर्यंत कशीबशी पोचले. सकाळचे पोहे सगळे बाहेर आले.

तोंड धुऊन परतले तर जोडीदारीण म्हणाली, "जाऊ दे. शेजारच्या टेबलाचा आकडा घेतलाय, थोडा बदलून लिहू."

तिची वही समोर उघडीच होती. पहिल्यांदा वाटलं, सुटले. मग स्वतःचीच शिसारी आली. एवढा घाणीत हात घातला, ओकले, आणि वर खोटं लिहायचं?

"खोड ते," मी म्हटलं. "दोरी आण."

"वेडी आहेस तू," ती पुटपुटली, पण आणली. मी श्वासनलिका नळीवर स्वतः बांधली. गाठ आवळताना बोटं त्या चिकट मांसात रुतत होती. तोंड मिटून, श्वास रोखून मी तीन गाठी मारल्या. या वेळी नळी निसटली नाही. तीनदा मोजलं, तिन्ही आकडे जवळपास सारखे आले.

कँटीनमध्ये जोडीदारीण लिव्हरचं सॉसेज घातलेला पाव मजेत खात बसली. मी डबा उघडलाच नाही. घरी दोनदा केस धुतले, तरी लेकीने जवळ येऊन नाक मुरडलं आणि डचमध्ये म्हणाली, "आई, तुला घाण वास येतोय."

अहवालाला दहापैकी आठ मिळाले. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला गायीचे डोळे होते.