सूचनारावांचं दुसरं पान

आमच्या मजल्यावरच्या या गृहस्थांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. सगळी इमारत त्यांना सूचनाराव म्हणते. महामार्गावर दिव्यांच्या अक्षरांचे मोठे बोर्ड असतात ना, त्यांवर काय झळकावं हे ते ठरवतात. हजारो गाड्या त्यांचं ऐकतात. घरी कोणी ऐकत नाही, पण ते सोडा.

सोमवारपासून पुलावरची डावी लेन बंद होणार होती. तिथं दहा माणसं वाकून डांबर उकरणार. सूचनारावांनी झकास दोनपानी मजकूर केला. आधी ‘पुढे पुलाचे काम सुरू आहे’, तीन सेकंदांनी ‘डावी लेन बंद’. शुक्रवारी चाचणी घेतली, तर बरोब्बर बोर्डाखाली गाड्यांनी कचाकच ब्रेक मारले. एक ट्रक पुढच्या गाडीला टेकता टेकता राहिला.

“पुन्हा असं झालं तर बोर्ड बंद,” साहेब म्हणाले. म्हणजे ती दहा माणसं वाऱ्यावर.

सूचनाराव चक्रावले. अक्षरं हातभर, मजकूर स्वच्छ; मग ब्रेक कशाला? रविवारी चाचणी चालू असताना त्यांनी बायकोला गाडी चालवायला बसवलं, स्वतः शेजारी, मागे सासूबाई. बोर्ड दिसला आणि बायकोनं ब्रेक दाबला.

“अगं, थांबतेस काय?”

“अहो, पुढचं पान यायचंय ना! वाचू नको?”

“जावईबापू,” मागून आवाज आला, “मी चष्मा लावेपर्यंत अक्षरंच पळाली. मला बघून की काय!”

सूचनारावांनी मागे वळून बोर्डाकडे पाहिलं. म्हणजे गाड्या आपल्या लिखाणासाठी थांबत होत्या? त्यांनी कंट्रोल रूमला फोन लावला आणि पोटचं पोर परक्याला द्यावं तशा आवाजात पहिलं पान काढायला सांगितलं.

वळसा घालून परत आले. बायको आईशी वाद घालता घालताच, ब्रेकला पायही न लावता, उजवीकडे सरकली.

“काय वाचलंस?”

“डावी लेन बंद.”

“आणि कारण?”

“कारण काय करायचंय? आले की उजवीकडे!”

सोमवारी दहाही माणसं धडधाकट घरी गेली. साहेबांनी पाठ थोपटली आणि उरलेल्या सगळ्या बोर्डांचे मजकूर तपासायला दिले. सूचनाराव जिन्यात भेटले, हातात कागदांचा गठ्ठा.

“बारा वर्षं मी कारणं लिहितोय,” ते म्हणाले, “ती कोण वाचत होतं हो?”

आणि आपला मजला आला तरी ते वर चढतच राहिले.