लेखक पळून गेला, छाटणी राहिली

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला सरांनी वर्गात एक कादंबरी वाचायला घेतली आणि माझं डोकंच फिरलं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. कादंबरी अशी, की नायकावर घर सोडायचं की राहायचं हे ठरवायची वेळ येते आणि नेमका तेव्हाच लेखक स्वतः पानावर येऊन म्हणतो, मी थकलो, याचं याला ठरवू द्या. आणि चक्क निघून जातो! नायक त्याच्या मागे धावतो, शिव्या घालतो, काय करू ते तरी सांग म्हणून गयावया करतो. पुढे तीन शेवट, एकमेकांच्या अगदी उलट. सरांनी विचारलं, "यातला खरा कोणता?" आम्ही सगळे सरांच्या तोंडाकडे बघत बसलो. सर हसायला लागले. म्हणाले, "तुम्हीही त्याच्यासारखेच माझ्यामागे धावताय की!"

त्या दिवशी नाशिकहून घरी जाताना एसटीत मी तीच वाचत होते. निफाडजवळचं आमचं गाव कधी मागे पडलं, कळलंच नाही. पुढच्या फाट्यावर उतरून उलटी चालत आले, आणि सांगते, इतकी खूश मी दहावीच्या निकालालाही नव्हते. सांगणारा कुणी नाही, माणूस मोकळा आहे! मोकळेपणाबरोबर जबाबदारीही गळ्यात पडते, हेही त्यात पानोपानी होतं. त्याच्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि पुढे सरकले.

त्याच सुमारास वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धूळ बंद, फवारणी बंद, मुक्काम गंगापूर रोडला आत्याकडे. आणि इकडे द्राक्षबागेची छाटणी तोंडावर. लवकर छाटली तर माल आधी बाजारात जातो, पण फुलोऱ्यात पावसानं गाठलं की घड कुजतात. उशीर केला तर सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव पडतो. मी वडिलांना तारीख विचारायला गेले. डोळ्यावरच्या पट्टीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मला हितनं आभाळ दिसतंय का? तूच ठरव."

लेखक पळून गेला होता! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आमच्या गावात तारीख कुणी ठरवतच नसे. गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराच्या बागेत कात्री लागली की मागोमाग गावभर लागायची. नुकसान झालं तर त्याच्या नावानं बोटं मोडायची, की झालं. त्या वर्षी तो थांबला होता, म्हणून सगळं गाव थांबलं होतं. मी पेठ तालुक्यातून आलेली मजुरांची टोळी बागेत बोलावली. चुलते धावत बांधावर आले.

"सगळं गाव थांबलंय, तुलाच लय कळतं का? पाऊस आला तर जबाबदार कोण?"

"मी," मी म्हणाले. त्याच क्षणी इतका आनंद झाला की हसू आवरेना. कात्र्या चालू झाल्या. छाटलेली काडी परत जोडता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

पाऊस आला. ऐन फुलोऱ्यात आला. ओढ्याकडच्या खालच्या ओळी कुजल्या. वरची बाग वाचली, आणि तिचा माल आता गावाच्या आधी बाजारात जाणार होता.

वडील काळा चष्मा लावून परत आले, ते थेट खालच्या ओळींत गेले. मागून मी, माझ्यामागून चुलते. मोठ्या मायेनं ते वडिलांना म्हणाले, "पोरीला बोलू नको. पावसानं केलं, तिची काय चूक?"

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची होती. हलवणारही होते, पण मला एकदम रागच आला. सगळं गाव थांबलेलं असताना मी जे केलं, ते पावसाच्या नावावर?

"नाही काका. पाऊस त्याच्या मनानं आला. तारीख मी धरली होती. वरची बाग माझ्यामुळे आधी पिकणार म्हणायची, तर ही खालची माझ्यामुळेच गेली."

वडिलांनी चष्मा काढला, एक कुजका घड तोडून हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

"मग पुढच्या साली," ते म्हणाले, "मला इचारायला येऊ नको."