लालबागकडून आलेली सर

मुंबईला ऋतू दोनच, एक ओला आणि एक घामाचा, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. जानेवारीतली उत्तरेची कोरडी झुळूक, मार्चमध्ये दुपारपर्यंत हटून बसणारा आणि अख्ख्या शहराला भाजून काढणारा पूर्वेचा वारा, ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडत जाणारा परतीचा पाऊस, हे सगळं काय फुकट जातं? चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत मला त्यामुळे ‘वेधशाळा’ म्हणतात. गच्चीच्या कठड्यावर बाटली कापून केलेलं माझं पर्जन्यमापक आहे, अँटेनाच्या जुन्या पाइपाला साडीची चिंधी बांधली आहे. चिंधी फडफडली की मी जेवणाच्या ताटावरूनही उठतो. बायको आता फक्त ताटावर झाकण ठेवते.

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारची गोष्ट. शेजारच्या काकी सकाळीच दारात आल्या. मालवणकडच्या, गिरणी कामगाराची विधवा, एकुलत्या एका मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं. रुखवतात ठेवायला साबुदाण्याच्या चकल्या त्यांना स्वतःच्या हातानं घालायच्या होत्या, पांढऱ्या आणि बिटाच्या गुलाबी. विकतच्या आणा, असं मुलीनं दहादा सांगून झालं होतं. काकींची बोटं संधिवातानं आखडत चालली होती, आणि म्हणूनच त्या हट्टाला पेटल्या होत्या.

“आज ऊन कसा आसा? घालू मां?” त्यांनी विचारलं.

मी गच्चीवर जाऊन समुद्राच्या बाजूला पाहिलं. टॉवरांच्या फटीतून दिसणारं आभाळ धुतल्यासारखं होतं. “निर्धास्त घाला,” मी सांगितलं.

इथे मी गाढवपणा केला होता, आणि तो फक्त मुंबईकरच करू शकतो. पाऊस म्हणजे समुद्राकडून येणारा, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. आमच्या गच्चीवरची पत्र्याची शेडसुद्धा पश्चिमेला बंद आणि पूर्वेला सताड उघडी. वेधशाळेनंही त्या सकाळी पूर्वेकडे मान वळवली नाही.

दुपारी गच्चीवर गेलो तेव्हा प्लास्टिकवर चकल्यांच्या रांगा मांडून झाल्या होत्या. काकी भिंतीला टेकून बोटं चोळत बसल्या होत्या, भोवती चार-पाच बायका. एवढ्यात काकींना शिंक आली. मग दुसरीला. मग मलाही. नाकात झणझणीत मिरची! लालबागला मसाले कुटायचे दिवस, आणि लालबाग आमच्या पूर्वेला. पण या वेळी तर समुद्राचा वारा सुटलेला असायला हवा, मग लालबागचा वास इकडे कसा? मी चिंधीकडे पाहिलं. ती समुद्राच्या दिशेनं ताठ फडफडत होती, म्हणजे वारा पूर्वेकडून.

मी वळलो. पूर्वेला कॉटन ग्रीनच्या वर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढराशुभ्र ढग, आणि त्याचं बूड काळंकुट्ट! असा ढग मेमध्ये घाटावर उठतो आणि बहुतेकदा तिथेच विरतो. हा मात्र थेट आमच्यावर चालून येत होता. खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी मला नाचावंसं वाटलं.

“काकी, उचला! वळीव येतोय!”

“मेल्या, खंयसून येतलो पाऊस? समुद्रार बघ, एक तरी ढग आसा?”

“समुद्र सोडा! मागे बघा!”

त्यांनी मागे पाहिलं आणि चेहरा उतरला. “आत्ता उचलल्यार सगळ्यो मोडतल्यो. ह्या हातांनी माका परत होवचा नाय रे.”

ते खरंच होतं. ओली चकली प्लास्टिकला चिकटलेली, आणि प्लास्टिक धरून उचललं तर मधे झोळ पडून सगळ्यांचा गोळा. शेडमध्ये मंडळाच्या गणपतीच्या सजावटीचं प्लायवूड रचून ठेवलेलं होतं. मंडळाला विचारायला वेळ कुणाला होता? आम्ही फळ्या ओढल्या, प्लास्टिक अलगद त्यावर सरकवलं आणि एकेक फळी शेडमध्ये नेली. तोवर बायकांनी सवयीनं ताडपत्री पश्चिमेच्या पत्र्यावर ताणायला घेतली होती.

“तिकडे नाही हो! पूर्वेला बांधा!” माझा आवाज फाटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकींकडे. एकच ताडपत्री, आणि सकाळी याच माणसानं निर्धास्त घाला म्हटलेलं.

काकी उठल्या. आखडलेल्या बोटांनी स्वतःच ताडपत्रीचं टोक धरून पूर्वेला चालू लागल्या. “वेधशाळा सांगता तसा करा गो.”

शेवटची गाठ मारतोय तोच धुळीचा लोट आला आणि मागोमाग आडवी सर. ताडपत्री ढोलासारखी वाजत होती. आम्ही दोन्ही टोकांना लोंबकळलो होतो, मी नखशिखांत भिजून आनंदानं ओरडत होतो. अर्धा तास धिंगाणा घालून सर समुद्राकडे निघून गेली. कडेच्या काही चकल्या विरघळल्या. बाकीच्या, पांढऱ्या आणि गुलाबी, जशाच्या तशा. काकींनी एकेका फळीवरून नजर फिरवली आणि पदरानं डोळे पुसले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “हळदीच्या दिवशी खाली मांडव आसा. पाऊस पडात काय रे?”

महिनाभर आधी कुणालाच सांगता येत नाही, मी म्हणालो. अगदी मलाही नाही.

“मगे त्या दिवशी सकाळपासून तू गच्चीरच बस,” काकी म्हणाल्या. “तुझ्या वाट्याची हळद मी वर घेवन येतंय.”