रंगकाकांचा उजवा खांदा

भिंती काय, कुणीही रंगवतो. छताला खांदा लागतो, असं रंगकाका चारचौघांत ऐकवायचे. आणि नेमका तोच उजवा खांदा त्यांनी शिडीवरून पडून मोडून घेतला. ऑपरेशन करून कृत्रिम सांधा बसवला, जखम सुरेख भरली. वर्ष उलटलं आणि खांदा ठणकायला लागला. हात कानाच्या वर जाईना. ताप नाही, सूज नाही, रक्तही ठीक. बरोबरीचा रंगारी मागून म्हणाला, "काका अंगचोर झाले." ते काकांच्या जिव्हारी लागलं.

नव्या डॉक्टरबाईंनी मात्र खांदा चाचपून मान हलवली. "आपल्या सगळ्यांच्या कातडीवर एक जंतू राहतो. बाहेर असतो तोवर गरीब बिचारा. ऑपरेशनच्या वेळी आत शिरला की धातूला चिकटतो, अंगावर स्वतःचा चिकट थर चढवतो आणि मुकाट्यानं हाड पोखरतो."

सांध्यातलं पाणी तपासलं, तर त्यात जंतू काही उगवला नाही. काकांचा चेहरा पार उतरला. शेवटी काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, त्या दाढदुखीच्या उरलेल्या गोळ्यांचं सांगा की."

दवाखान्यात जायचं ठरलं की आधी दोनतीन दिवस काका त्या गोळ्या घ्यायचे. घरमालक बघायला येणार म्हटलं की डागावरून पटकन ब्रश फिरवायचा, ही जन्माची खोड. डॉक्टरांसमोरही खांदा बरा दिसायला नको का?

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, त्या अँटिबायोटिकच्या गोळ्या! दोनतीन दिवसांत त्यानं जंतू मरत नाही, नुसता दबतो. मग मला तो दिसणार कसा?"

गोळ्या बंद झाल्या. काही आठवड्यांनी पुन्हा पाणी काढलं. हा जंतू वाढायला आळशी, म्हणून प्रयोगशाळेनंही घाई केली नाही. आणि सापडला की पठ्ठ्या! रोग निघाला म्हणून इतका खूश झालेला माणूस दवाखान्यानं पाहिला नसेल. "म्हणजे मी सोंग करत नव्हतो," काका काकूंना तीनदा म्हणाले.

पुढे हाल झालेच. जुना सांधा काढला, हाड खरवडून साफ केलं, महिनोन्‌महिने औषधं घेतली, मग नवा सांधा बसला. काकूंच्या नाकी नऊ आले, पण त्यांनी व्यायामाची एक वेळ चुकू दिली नाही.

परवा शाळेच्या सभागृहाचं छत काकांनी घेतलं. हात सरळ वर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. खाली शिडी धरून तोच रंगारी उभा होता.

"उतरा आता काका," तो हळूच म्हणाला, "दमला असाल."

"दमलोय रे," काका वरूनच हसले. "किती दिवसांनी असा दमलोय."