जाळी पक्की बसली आहे

मिस्त्रींच्या गिलाव्यावर दिवा तिरपा धरला तरी सावली पडायची नाही. कंत्राटदार त्यांना 'काच' म्हणायचा. अंगकाठी बारीक, बोलणं त्याहून बारीक, पण कामाचा गर्व एवढा की कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी तिथल्या भिंतीवरून तळहात फिरवायचे. बायको दटावायची, "अहो, बसा तरी. भिंत कुठे पळून जात नाही."

मालाची घमेली उचलून उचलून चोपन्नाव्या वर्षी त्यांच्या जांघेत हर्नियाची गाठ आली. खोकलं की बाहेर, झोपलं की आत. सर्जन म्हणाला, पोटाचं अस्तर तिथे विरलंय, आतून प्लॅस्टिकची बारीक जाळी लावू. मिस्त्रींना हे इतकं पटलं की घरी येऊन त्यांनीच बायकोला समजावलं. "वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात, तिथे आम्ही तारेची जाळी ठोकतो ना, तसंच. माल भोकांतून आत शिरतो आणि जाळी पकडून ठेवतो. मग तिथे भेग पडत नाही."

ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. गाठ गेली ती गेलीच. पण वरची जखम सुकली आणि आतून ओढायला लागलं. खुर्चीतून उठताना, पँट चढवताना, जिना उतरताना कुणीतरी आत चिमटा धरून बसल्यासारखं.

हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, तीन महिन्यांत दुखणं थांबलं नाही तर दाखवायला या. बायकोने तो कागद फ्रीजवर चिकटवला होता. तीन महिने झाले त्या दिवशी ती साडी बदलून तयार.

"चला."

"कशाला? ओली भिंत सुकताना ओढतेच. आत्ता हात लावला तर बिघडेल."

"तुम्ही भिंत आहात का?"

"चाळीस वर्षं हेच बघतोय गं. नव्या गिलाव्यावर केसाएवढ्या भेगा दिसल्या की घरमालक घाबरतो. मिस्त्री घाबरत नाही. तो वाट बघतो."

त्यांनी दोन वर्षं वाट बघितली. आधी घमेलं उचलणं सुटलं, मग परांचीवर चढणं. नंतर उलट्या बादलीवर बसून दुसऱ्यांना 'इथे खड्डा, तिथे फुगवटा' सांगणं तेवढं राहिलं, आणि त्यासाठी कंत्राटदार किती दिवस बोलावणार? बायको लॉन्ड्रीत इस्त्री करायची, दिवसभर उभी. संध्याकाळी घरी आली की दोघं एकमेकांकडे बघून आधी कोण उठणार ते ठरवायचे. झोपेत तिचा हात चुकून लागला तरी ते कळवळायचे, म्हणून ती दोघांच्या मध्ये उशी ठेवून झोपायला लागली.

शेवटी बायकोच्या भावाने एक डॉक्टर शोधून काढली. बसवलेल्या जाळ्या काढणारी. "दाजी, लावलेलं काय, काढता येतंच," तो म्हणाला. दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली, आणि त्या दीड महिन्यात मिस्त्री पहिल्यांदाच पुढच्या कामाबद्दल बोलले.

डॉक्टरीणबाई मिस्त्रींच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी स्कॅन दोनदा बघितला.

"जाळी पक्की बसलीये. कुठे फाटली नाही, सरकली नाही."

"मग दुखतं कशाने?" बायकोने विचारलं.

"शरीराला ती जाळी परकी वाटते. फेकून तर देता येत नाही. मग ते तिच्याभोवती घट्ट आवरण विणतं आणि तिला गुंडाळून टाकतं. सगळ्यांच्याच शरीरात होतं हे. तुमच्या यजमानांच्या शरीराने जरा जास्तच केलंय. ते आवरण आकसलं आणि नस त्यात अडकली."

"म्हणजे फेकता येत नाही म्हणून गुंडाळून ठेवायचं," बायको म्हणाली. "माझ्या सासूबाईंनी माझं हेच केलं."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "जाळी ओढली तर बरोबर माल येतो का?"

"माल?"

"मांस."

"येतं. भोकाभोकांतून वाढलंय ते. स्नायू कापावा लागेल, कदाचित नसही. निम्म्याहून जास्त लोकांना आराम पडतो. काहींचं दुखणं तसंच राहतं. थोड्यांचं वाढतं."

"आम्ही तिसऱ्या महिन्यात आलो असतो तर?" बायकोने विचारलं. मिस्त्री जमिनीकडे बघत होते.

"नसेला इंजेक्शन देऊन बघता आलं असतं. उपयोग झाला असता की नाही, ते आता कुणीच सांगू शकणार नाही." मग त्या म्हणाल्या, "आठ दिवस विचार करा. ठरवायचं तुम्हीच."

मिस्त्री बसमध्ये एवढंच बोलले, "तिने चुकीचं काही सांगितलं नाही. जाळी काढायची म्हणजे भिंत फोडायचीच."

पहिले दोन दिवस बायको सकाळी विचारायची, "काय ठरलं?" ते म्हणायचे, "तू सांग." तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी हो म्हटलं आणि वाढलं तर? मी नको म्हटलं आणि जन्मभर असंच राहिलं तर? माझ्या गळ्यात नका घालू हे." त्यानंतर तिने विचारणं सोडलं. भाऊ फोनवर म्हणाला, धीर धरा. तोही बिचारा दुसरं काय म्हणणार?

नवव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. तारखा देणारी मुलगी होती. मिस्त्रींनी फोन बायकोपुढे केला. तिने मान हलवून तो परत त्यांच्याकडे सारला.

"काका, काय ठरलं तुमचं?"

"बाळा, तुझ्यासमोरून एवढे लोक जातात. बरे होऊन जातात का गं?"

"काका, मी फक्त तारखा देते."

"मग दे एखादी."

"कधीची देऊ? पुढच्या मंगळवारी जागा आहे."

"नको, नको. मंगळवार नको." त्यांनी बायकोकडे बघितलं. ती ओट्याकडे तोंड करून कोरडंच भांडं पुसत होती. "जरा लांबची दे."

"किती लांबची?"

"तुझ्या वहीत असेल ती शेवटची," मिस्त्री म्हणाले.