मॅकिन्टायरांची चतुःसीमा

माझ्या लाडक्या दोघांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आमचं आडनाव कुठून आलं?" शाळेत लिहून न्यायचं होतं. तुमचे बाबा स्कॉटलंडमध्येच जन्मले नि वाढले, पण तेही म्हणाले, "कर्जतला विचारा." त्यांचं बरोबरच आहे. मॅकिन्टायर या आडनावाचा जगातला सर्वांत मोठा जाणकार भिसेगावात राहत होता, आणि माथेरानपेक्षा उंच काही त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो माझा थोरला भाऊ, तुमच्या आईचा मामा. तुम्ही फार लहान असताना तो गेला. मला सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

दादाची नोकरी खालापूरला, जमिनी मोजण्याच्या खात्यात. जन्मभर मोजणी करून त्याची अशी खात्री झाली होती की पूर्वेला काय, पश्चिमेला काय, अशी चतुःसीमा ज्या गोष्टीची सांगता येत नाही ती गोष्ट खरी नव्हे. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरायच्या आत तो त्यांना मूळ गाव विचारी. नव्याने आलेल्या एका बँक मॅनेजरांना त्याने सांगितलं, "तुमच्या आडनावाचं गाव नदीच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे." बिचारे रविवारी मुद्दाम जाऊन पाहून आले. पलीकडेच होतं. मी घरात किसणी सापडत नाही म्हटलं की हा विचारणार, "शेवटचा कब्जा कोणाचा?" आमचं स्वतःचं आडनाव ज्या गावावरून पडलं, ते खालापूरकडचं गाव मात्र धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा वर येतो. दादा दरवर्षी एकटा जाऊन तो पाहून येई आणि त्याविषयी एक अक्षर बोलत नसे.

तुमच्या आईचं लग्न ठरलं तेव्हा हाच दादा अडून बसला. आमच्याकडे लग्न लागताना मामा मुलीच्या पाठीशी उभा राहतो. दादा म्हणाला, "पोरगा चांगला आहे. पण ज्या घराचा ठावठिकाणा मला माहीत नाही, त्या घरासाठी मी उभा राहणार नाही."

"मामा, मी माणसाशी लग्न करतेय, सातबाऱ्याशी नाही!"

"मग सातबारा नुसता दाखव."

तुमची आई त्याचीच भाची. मामा नसेल तर बोहल्यावर चढणारच नाही, म्हणाली आणि खोलीत जाऊन बसली. मे महिन्यातला मुहूर्त दीड महिन्यावर आला होता. शेवटी दादाने तुमच्या तिकडच्या आजोबांना प्रश्नावली पाठवली: मूळ पुरुष कोण, मूळ गाव कोणतं, चतुःसीमा काय, जमीन कशी मिळाली. तिचं इंग्रजी मी केलं, आणि करताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन आठवड्यांनी नऊ पानी उत्तर आलं. मी ओटीवर बसून मराठीत वाचू लागले. दादा वही-पेन्सिल घेऊन समोर, आणि लग्नाचे पाट दुरुस्त करायला आलेला गोमा सुतार पायरीवर. मॅकिन्टायर म्हणजे सुताराचा मुलगा. मूळ पुरुष समुद्रात असताना होडीला भोक पडलं, त्याने त्यात अंगठा घातला. पण शीड सांभाळायला हात हवा, म्हणून अंगठाच कापून तिथे ठेवला, अशी कथा.

"सुतार?" दादाची भुवई वर गेली.

"मंग? सुतार काय वाईट हाय का, दादा?" गोमा म्हणाला आणि पटाशीने तुटलेलं आपल्या अंगठ्याचं टोक त्याने दाखवलं. "ही बघा आमची सही. सोयरीक पक्की हाय, लिवा तुमी."

दादाने लिहिलं. पुढे, एक पांढरी गाय जिथे बसली तिथे त्यांनी वस्ती केली. "योग्य," दादा म्हणाला. पश्चिमेस खाडी, दक्षिणेस डोंगर. जमिनीचा सारा म्हणून दर उन्हाळ्यात एक पांढरं वासरू आणि बर्फाचा एक गोळा. पेन्सिल थांबली.

"भर उन्हाळ्यात? आणि मोजणार कोण?"

मी शेवटचं पान वाचलं. ती जमीन दोनशे वर्षांपूर्वीच हातची गेली. आता तिथे या नावाचं कोणी राहत नाही. 'मी एकदाच गेलो होतो,' तुमच्या आजोबांनी लिहिलं होतं. 'दगडांची जोती तेवढी दिसली. एका जोत्यावर बसून डबा खाल्ला आणि परत आलो.'

दादाने वही मिटली. चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"मुहूर्त किती वाजताचा आहे गं?" दादाने विचारलं.

लग्नात तो असा ताठ उभा राहिला की फोटोत नवऱ्यामुलाआधी तोच दिसतो. दुसऱ्या दिवशी तुमच्या आजोबांना तो धरणावर घेऊन गेला. दोघं तासभर चौथऱ्याकडे बघत बसले होते, असं रिक्षावाल्याने सांगितलं. परतताना कर्जत स्टेशनाबाहेर दादाने गाडीवरून काला खट्टाचा गोळा घेतला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. "समर. टॅक्स. पेड." तुमच्या आजोबांनी टोपी काढून तो घेतला. जांभळा रस त्यांच्या कोपरापर्यंत ओघळला तरी ते हसत होते, आणि डोळे पुसत होते.

आमचं गाव पाण्याखाली आहे. तुमच्या गावाची जोती रानात आहेत. दादाची वही माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे. मॅकिन्टायरांच्या पानावर सगळ्यांत खाली, त्याच्याच अक्षरात, तुमची दोघांची नावं आहेत.