घोट्यावरचा अंगठा

आमची ताई मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. शिकवते कसली, पिळून काढते. मुली तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे पॉजबाई. हे नाव कसं पडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या दिवशी पोट धरून हसलेही होते. आता ते हसू आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

ताईची मुलगी टिंगू त्या संघाची सेटर. सेटर म्हणजे नेटजवळ उभं राहून दुसऱ्यांना मारायला चेंडू उचलून देणारी. उंची बेताची, म्हणून घरात टिंगू. पण उडी अशी की बघणाऱ्याने आ वासावा. गेल्या वर्षी तिचा उजवा घोटा वाईट मुरगळला. पुन्हा त्याच जागी जोराची दुखापत झाली तर उड्या विसरायच्या, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. तेव्हापासून ताईचा जीव त्या घोट्यात. पोरगी घरात शिरली की ही आधी तिच्या पायाकडे बघायची, मग तोंडाकडे. जिन्यावर जरा धप्प वाजलं तरी हातातलं काम टाकून धावायची.

तशात या मुलींना जपानी खेळकथांचं वेड लागलं. चित्रांची पुस्तकं, आणि त्यांवरून केलेली कार्टून मालिका, तीही व्हॉलीबॉलचीच. टिंगूने एक पुस्तक मलाही वाचायला दिलं. ते शेवटाकडून सुरू करायचं असतं हे सांगायला विसरली, त्यामुळे सामना कोण जिंकलं ते मला आधी कळलं आणि कोण कोणाशी खेळतंय ते सगळ्यात शेवटी. ताईला मात्र हसू येत नव्हतं. त्या गोष्टींतला नायक पाय दुखावला तरी पट्टी गुंडाळून कोर्टवर उतरतो आणि पुढच्या भागात ठणठणीत असतो.

"हे खूळ यांच्या डोक्यात बसलं ना, तर एकीचा पाय जागेवर राहायचा नाही," ती म्हणाली. म्हणून एका रविवारी तिने अख्खा संघ घरी बोलावला, मालिका लावली आणि रिमोट स्वतःच्या हातात ठेवला.

मग काय विचारता! दर मिनिटाला पॉजचं बटण दाबलं जायचं, चित्र थांबायचं आणि बाईंचं भाषण सुरू.

"बोटं बघा. चेंडू कपाळासमोर, कोपरं सैल. अगदी बरोबर काढलंय."

पुन्हा चालू, पुन्हा बंद.

"उडीआधीची पावलं बघा. शेवटचं लांब, मग पाय जुळवून वर. ज्याने काढलंय तो स्वतः खेळलेला असणार."

ताई कोणाचं इतकं कौतुक करताना मी कधी ऐकलं नव्हतं. सख्ख्या बहिणीचंसुद्धा नाही. पण मग नायकाने उडी मारली आणि हवेत असतानाच त्याला आपलं बालपण आठवायला लागलं. आई आठवली, पहिला चेंडू आठवला, हरलेला सामना आठवला. "अरे बाबा, खाली ये आता," ताई म्हणाली, "चेंडू कधीचा पडला." मुली लोळायच्या बाकी राहिल्या.

शेवटी तो प्रसंग आला. नायक दुसऱ्याच्या पायावर पडतो, घोटा वळतो. डोळे बशीएवढे, तोंड सताड उघडं, भुवया पार केसांत, गालावरून घामाचे ओघळ. ताईने तो चेहरा थांबवला आणि तसाच ठेवला.

"हे मात्र साफ खोटं. खरं दुखलं की असला चेहरा होत नाही. माणूस गप्प होतो, ओठ आवळतो, नजर चुकवतो. इतकी वर्षं पोरी बघतेय मी. असा चेहरा केला की समजायचं, नाटक आहे."

मुलींनी माना डोलावल्या. टिंगूनेही.

ताई हे उगाच बोलत नव्हती. तिचा एक नियमच होता. सामन्याआधी सराव झाला की मुलींनी बूटमोजे काढून बाकावर बसायचं, आणि ही एकेकीचा घोटा अंगठ्याने दाबत जाणार. दाबताना पायाकडे बघायचंच नाही, तोंडाकडे बघायचं. "सूज सवडीने येते, तोंड लगेच सांगतं," असं तिचं म्हणणं. गेल्या वर्षी एकीने नुसती नजर वळवली, तेवढ्यावरून ताईने तिला बाहेर बसवलं होतं, आणि संध्याकाळी त्या मुलीचा पाय टम्म सुजला. तेव्हापासून त्या अंगठ्यावर सगळ्यांचा विश्वास.

अंतिम सामन्याच्या दिवशी मी बाकामागेच उभी होते. संघाच्या शर्टांवर आकडे मीच शिवते, कोणाचा उसवला तर सुईदोरा घेऊन हजर राहावं लागतं. ताई दाबत दाबत टिंगूपाशी आली. उजव्या घोट्यावर अंगठा टेकला मात्र, पोरीचे डोळे बशीएवढे झाले, तोंड सताड उघडलं, भुवया पार केसांत गेल्या.

हुबेहूब तो चेहरा! अख्खा बाक खदखदून हसला. मीही हसले. ताईने तिच्या डोक्यात टपली मारली. "चल ऊठ, नाटकी कुठली!" टिंगू आमच्याकडे बघत राहिली, मग तीही हसली आणि मोजे चढवायला लागली.

पहिला सेट आम्ही घेतला, दुसरा गेला. तिसऱ्यात पुढे होतो, तरी ताई बाकावर टिकेना. "ही एका पायावर का उतरतेय गं?" तिने मला विचारलं. मला काय कळणार? पण त्यानंतर मलाही तेच दिसायला लागलं. उडी मारायची ती दोन पायांनी, टेकायची डाव्यावर. तिने उचललेले चेंडू कमी उंच जायला लागले. बाजूच्यांशी एक शब्द नाही, ओठ घट्ट आवळलेले, आमच्या बाजूला बघायचंच नाव नाही.

ताईचा चेहरा उतरला. तिने बदली मागितली.

"आई, थोडेच पॉइंट राहिलेत!" टिंगू कोर्टवरूनच ओरडली. एरवी मैदानावर ती मॅडम म्हणते.

"बाहेर ये!"

सामना आम्ही हरलो. मुली रडत होत्या, पण ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. बूट काढला तर घोट्याचं हाड दिसेनासं झालं होतं.

दवाखान्यात नंबर येईपर्यंत ताईची टकळी चालू होती. तिला भीती वाटली की ती रागावते, लहानपणापासून तशीच आहे. "कधी लागलं? सरावात? चेंडूवर पाय पडला? आणि मला सांगवलं नाही तुला? ती पुस्तकं आज रद्दीत जातील. नायक व्हायचंय बाईंना! पट्टी बांधून खेळायचंय!" हात मात्र पोरीच्या पाठीवरून फिरत होता. टिंगू खाली मान घालून बसली होती.

डॉक्टर तेच, गेल्या वर्षीचे. त्यांनी एक्स-रे काढायला सांगितला, पण आधी घोटा हातात घेतला आणि बाहेरच्या बाजूला अंगठ्याने हलकेच दाबलं.

टिंगूचे डोळे बशीएवढे झाले. तोंड सताड उघडलं, भुवया पार केसांत गेल्या, आणि गालावरून घामाचा ओघळ आला.

कोणी हसलं नाही. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"म्हणजे बाकावर..." ती टिंगूकडे वळली. "तेव्हाही खरंच दुखत होतं? मग बोलली का नाहीस गं?"

"तूच म्हणाली होतीस ना," टिंगू म्हणाली, "खरं दुखलं की असा चेहरा होत नाही. तू हसलीस, तेव्हा मला वाटलं, मग फार दुखत नसेल."